मीटरातल्या आन्हेलिता

आमच्याकडे स्वयंसेवा सक्तीची आहे. हसू नका. अकरावीतल्या प्रत्येकाने समाजाची मनापासून सेवा केल्याशिवाय शाळा दाखला देत नाही, आणि ती मनापासून केली की नाही हे एक जांभळा शिक्का ठरवतो. आमच्या वर्गातल्या हुशार मुलींनी वाचनालय निवडलं, कारण तिथे पंखा आहे. मी निवडलं वस्तीचं शेत. ते आमच्या घराच्या पायऱ्यांखालीच आहे, त्यामुळे उशिरापर्यंत झोपून सेवा करता येईल असा माझा अंदाज होता. पहिल्याच शनिवारी डोन्या एडिल्मांनी कोंबडा आरवायच्या आधी आमचं दार बडवलं आणि आई आतून ओरडली, ''यासुरी, ऊठ! समाज आलाय!''

डोन्या एडिल्मा, म्हणजे एडिल्माबाई, आमच्या शेताच्या सर्वेसर्वा. त्यांनी आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात पँटचे खिसे शिवले, आणि आता त्याच शिस्तीत त्या डोंगरउतारावर वाफे घालतात. वाफ्याची कड जराशी वाकडी दिसली की म्हणतात, ''उसव, पोरी.'' मग आपण माती उसवायची.

पण खरं सांगू? मला तिथे आ वासायची सवय लागली. खताच्या ढिगात हात घातला तर आतून गरम! शेगडी नाही, वीज नाही, नुसती सालं आणि पाला, आणि ढिगाला चक्क ताप आलेला. घेवड्याचा वेल काल संध्याकाळी काठीपासून हातभर लांब होता, आज सकाळी त्याने काठीला मिठी मारलेली. काठी तिथे आहे हे त्याला कोणी सांगितलं? मी डोन्या एडिल्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, ''तुझ्यासारखा बडबडत नाही, म्हणून लक्ष असतं त्याचं.''

आणि सगळ्यात मोठा आ मी वासला तो आन्हेलितांपुढे. या आमच्याकडच्या मधमाश्या. चिलटाहून जराशा मोठ्या, सोनेरी, आणि नांगीच नसलेल्या. फाटकाजवळ विजेच्या मीटरची लोखंडी पेटी आहे, तिच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांचं घर. पेटीच्या कुलपाच्या भोकातून त्यांनी मेणाची एक नळी बाहेर काढली आहे, सरबत प्यायच्या नळीएवढी, आणि इतकी पातळ की सकाळचं ऊन तिच्यातून आरपार जातं. नळीच्या ओठावर पहारेकरणी बसतात. संध्याकाळ झाली की त्या नळीचं तोंड मेणाने लिंपून टाकतात. म्हणजे रात्री दार लावून झोपतात! आमच्या घरी दार कोणी लावायचं यावरून रोज भांडण होतं.

आन्हेलिता म्हणजे चिमुकली देवदूत. आमच्या मेदेयीन शहरात गल्लीगणिक एखाद्या आजीचं नावही आन्हेलिता असतं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

झालं असं की वीज कंपनीने फाटकावर एक कागद चिकटवला. जुने मीटर बदलणार, पेटी रिकामी आणि स्वच्छ ठेवावी, न ठेवल्यास शुक्रवारी जोडणी तोडण्यात येईल. आता आमची पाण्याची टाकी उताराच्या तळाशी आणि वाफे डोंगरावर, त्यामुळे पंप नाही तर पाणी नाही. त्यात ऐन उन्हाळा. टोमॅटो दोन दिवस तहान काढतील, घेवडा तेवढंही नाही. आणि पेटी रिकामी करायची म्हणजे आन्हेलितांवर औषध मारायचं.

''भोपळ्याची फुलं उमललीत,'' डोन्या एडिल्मा म्हणाल्या. ''आन्हेलिता गेल्या तर त्या फुलांकडे जायचं कोणी? तू जाणार?''

''त्यांना दुसरीकडे हलवू या ना.''

''लाकडी पेटी कधीची करून ठेवलीय मी. पण हलवल्या की बाहेर गेलेल्या परत येतात, जुन्या जागी दार शोधतात, आणि शोधता शोधता मरतात. मला ते बघवायचं नाही.''

सगळे स्वयंसेवक आपापल्या बुटांकडे बघू लागले. अशा वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण गेल्याच महिन्यात शाळेच्या सभेत मी उभी राहून मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की सर, तुमचा माईक बंद आहे. आणि कोणी हसलं नाही! उलट सर म्हणाले, धन्यवाद. आयुष्यभर मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला एवढा मान एकदम मिळाला की तो डोक्यात जातो. मी म्हणाले, ''मी बोलते कंपनीशी.''

बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं मधमाश्यांना कॉफीची धुरी दे, कोणी म्हणालं शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, त्याला मेणबत्ती लाव, एकीने तर दोन्ही एकदम करायला सांगितलं. सगळ्यात भारदस्त सल्ला डोन आर्सेसियोंचा. हे निवृत्त बसचालक. फाटकाला लागूनच त्यांचं घर, आणि घराच्या भिंतीला टेकून त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची. तिथून ते आमच्या खताच्या वासाविषयी तक्रार करतात आणि जगाला मार्गदर्शन करतात.

''फोन करू नकोस,'' ते म्हणाले. ''फोनवरची माणसं ऐकत नाहीत, नुसतं टिपून घेतात.''

मी अर्थातच फोन केला. बराच वेळ वाजंत्री ऐकवल्यावर एक गोड आवाज आला, ''बोला, माझी राणी, काय सेवा करू?''

मी घसा खाकरून माझा सभेतला आवाज काढला. ''आमच्या मीटरच्या पेटीत आन्हेलिता राहतात. त्यांना त्रास न होता मीटर बदलायचा कसा?''

''राहतात? मीटरच्या पेटीत?''

''हो, खालच्या अर्ध्या भागात. वरचा अर्धा मीटरला सोडलाय.''

''अवे मारिया! कधीपासून?''

''मी लहान होते तेव्हापासून.''

''आणि बाई, खातात काय?''

''फुलांवर भागवतात. उन्हाळ्यात फारच हाल झाले तर आम्ही साखरेचं पाणी ठेवतो.''

पलीकडे काहीतरी हुंदक्यासारखं ऐकू आलं. ''घरात पुरुषमाणूस कोणी?''

मला कौतुक वाटलं. केवढा अभ्यास यांचा! म्हटलं, ''आहेत ना. पण काम कसलंच करत नाहीत. आयतं खातात आणि पडून असतात.''

''आमच्याकडेही तेच आहे, राणी. रात्री वगैरे काही धोका?''

''रात्री आतून दार लावून घेतात. आणि गरज पडलीच तर आम्ही लाकडी पेटी करून ठेवलीय.''

पलीकडे पुन्हा हुंदका फुटला. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. ''पेटीचं नाव नका काढू एवढ्यात. आम्ही आहोत ना! जोडणी कोणी तोडणार नाही, शब्द देते.''

मी फोन ठेवला आणि भारावून बसून राहिले. एवढी मोठी कंपनी, आणि तिथे मधमाश्यांसाठी रडणारी माणसं! शेतावर मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोन्या एडिल्मांनी मला आपल्या हाताने गुळाचं पाणी दिलं, तेही लिंबू पिळून, जे त्या फक्त पाहुण्यांना पिळतात. दीड दिवस मी गल्लीतून मान ताठ ठेवून चालले. मग संदेश आला. डोन्या एडिल्मांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला.

''आपल्या तक्रारीनुसार मीटरपेटीत वास्तव्य करणाऱ्या श्रीमती आन्हेलिता, वयोवृद्ध, आहार अपुरा, कुटुंबातील पुरुष बेजबाबदार, यांचं सन्मानपूर्वक पुनर्वसन करण्यासाठी आमचं पथक शनिवारी येईल. तोपर्यंत जोडणी तोडली जाणार नाही.''

चष्मा खाली आला. ''पोरी, तू नक्की काय बोललीस?''

मी जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. आणि सांगता सांगता माझे कान तापत गेले, खताच्या ढिगासारखे. एकही शब्द खोटा नव्हता! खरं बोलून एवढी मोठी थाप मारता येते हे मला माहीतच नव्हतं.

''मी लगेच फोन करून सांगते,'' मी म्हणाले.

''खुळी आहेस का?'' डोन आर्सेसियो खुर्चीतून म्हणाले. ''कंपनीने आपल्या फायद्याची चूक केली की ती जपावी. पुन्हा मिळत नाही.''

तरी मी फोन केला. या वेळी यंत्र बोललं. तुमची एक तक्रार विचाराधीन आहे, ती निकाली निघेपर्यंत दुसरी नोंदवता येणार नाही, आपला दिवस आनंदात जावो. म्हणजे आन्हेलिताबाईंचं पुनर्वसन झाल्याखेरीज आन्हेलिताबाई नाहीत हे सांगायची सोय नव्हती.

शनिवारी नेमकं आमचं कोनविते होतं. कोनविते म्हणजे सगळ्या गल्लीने मिळून करायचं काम आणि मग मिळून ओरपायचा सांकोचो, म्हणजे कंद-कणसांचा दाट रस्सा. काम म्हणजे वरच्या वाफ्यांना दगडी बांध घालणं. सांकोचो आईकडे होता. ती रस्त्यातच तीन दगडांवर पातेलं चढवून युकाचे कंद आणि मक्याची कणसं टाकत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, ''आमच्या यासुरीने सरकारला बोलावलंय. एक बटाटा जास्तच टाकते.''

तेवढ्यात मला दिसलं की लोक नुसते फावडी घेऊन येत नाहीयेत. एकीने लोकरीच्या सपाता आणल्या. एकीने झोपायचा झगा, जवळजवळ नवा. पथकातला कोणी कोणाच्या तरी मावसभावाशी बोलला होता आणि आन्हेलिताबाईंची कहाणी आमच्या आधी गल्लीत पोचली होती.

''लाज नाही वाटत?'' सपातावाली बाई डोन्या एडिल्मांवर कडाडली. ''इतकी वर्षं त्या म्हातारीला पेटीत ठेवलंत! फुलं खायला घालून!''

''अगं, तू रोज त्या पेटीवरून जातेस! पेटी केवढी ते बघितलं नाहीस?''

''मला वाटलं, गरिबीने आकसल्या असतील.''

मी तोंड उघडणार, इतक्यात जीप आली. आतून उतरली सेन्योरिता मार्योरी, कंपनीची समाजसेविका, काखेत मऊ घोंगडं. तिच्यामागून चाकांची घडीची खुर्ची. त्यामागून किराण्याची टोपली, तेल, तांदूळ, चॉकलेट. आणि सगळ्यात शेवटी हातात नवा मीटर घेऊन फेर्नेय नावाचा तारतंत्री.

''आन्हेलिता कुठे आहेत?'' मार्योरीने इतक्या हळुवारपणे विचारलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. जमीन तर समोरच उकरलेली होती.

मी बोट केलं. अख्खी गल्ली माझ्या बोटाच्या टोकाकडे बघत होती. बोटाच्या टोकापुढे कुलपाचं भोक, त्यातून निघालेली मेणाची नळी, आणि नळीच्या ओठावर चार-पाच चिमुकल्या पहारेकरणी आमच्याकडे बघत उभ्या.

''या?'' मार्योरी म्हणाली.

''या,'' मी म्हणाले. ''मी खोटं बोलले नाही हो. फुलांवरच राहतात.''

माझ्या मानाचं काय झालं ते लिहीत नाही. एवढंच सांगते की सपातावाली बाई हसत हसत दगडांच्या ढिगावर बसली आणि तिला उठवायला दोघं लागली. आई पळीने पातेलं वाजवत होती. मार्योरी मात्र हसली नाही. घोंगडं तसंच काखेत धरून ती वाकली आणि नळीकडे बघत राहिली.

फेर्नेयचं काम सरळ होतं. ''आज एकतर मीटर बदलायचा, नाहीतर तार तोडायची. आणि हा नवा मीटर मोठा आहे. घर आत ठेवून बसणार नाही.'' त्याने डोकं खाजवलं. ''तार पोचेल अशी दुसरी पक्की भिंत असेल तर तिथे लावतो. मग ही पेटी राहिली काय, गेली काय.''

आमच्या शेताला तारेचं कुंपण. पक्की भिंत तिथे एकच. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

''माझ्याकडे काय बघताय?'' डोन आर्सेसियो म्हणाले. ''सल्ला हवा असेल तर देतो.''

''भिंत हवीय,'' डोन्या एडिल्मा म्हणाल्या.

''भिंत बायकोच्या नावावर आहे.''

''ती देवाघरी गेली, आर्सेसियो.''

''म्हणून तर विचारता येत नाही.'' आणि त्यांनी खुर्ची भिंतीला आणखी दाबून घेतली.

फेर्नेय म्हणाला, ''मग जुना मीटर तरी सोडवून घेतो. भिंत मिळाली नाही तर तार तोडावीच लागेल, मी काही बघितलंच नाही असं करता येणार नाही, सेन्योरा.'' त्याने खांबावरून वीज बंद केली. खाली टाकीपाशी पंप घरघर करत थांबला. पेटी उघडायला किल्ली हवी, किल्ली भोकात जायला हवी, आणि भोकात तर नळी. फेर्नेयने मागे वळून विचारलं, ''हे कोण काढणार?''

कोणीच पुढे होईना. फोन मी केला होता. मीच गेले. दोन बोटांनी नळी धरली आणि तिला मुळाशी हळूच वळवलं. ती निघून माझ्या तळव्यात आली. वजनच नव्हतं तिला. पहारेकरणी माझ्या मनगटावर चढल्या, चावायला त्यांच्याकडे काही नव्हतंच, नुसत्या इकडून तिकडे धावत होत्या. त्यांचं दार माझ्या हातात होतं. मी मूठ मिटली.

किल्ली फिरली, दार करकरलं आणि फेर्नेय एक पाऊल मागे सरला. पुढचे वाकले, मागचे पायाच्या बोटांवर उभे राहिले.

आत मधाची मडकी होती. मटाराएवढी, मेणाची, एकमेकांना बिलगलेली, आणि त्यांच्यातून उजेड येत होता, घट्ट, सोनेरी. मडक्यांच्या मधोमध मेणाच्या पापुद्र्यांत गुंडाळलेलं त्यांचं पाळणाघर, एकावर एक गोल चकत्या, गोगलगाईच्या शंखासारख्या वळत वर गेलेल्या. एक चकती तरी तिरकी असेल? नाही. डोन्या एडिल्मांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. उसवायला सांगण्यासारखं तिथे काही नव्हतं. पलीकडे विजेची गंजकी तार लोंबत होती, तिच्यासुद्धा भोवती त्यांनी मेणाचा खांब बांधून घेतला होता.

डोन आर्सेसियो सगळ्यांत शेवटी आले, लोकांना कोपरं मारत. ''बघू, बघू, काय एवढं...'' आणि थांबले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. चर्चमधल्या प्रार्थनेतसुद्धा ते ती काढत नाहीत, पाद्रींनी कितीदा सांगितलंय. मग ते म्हणाले, ''खिडकीच्या डावीकडे लावा तो डबा. उजवीकडे मी बसतो.''

फेर्नेयने अशा झपाट्याने काम केलं की मार्योरीने घोंगडं ठेवून त्याला पक्कड दिली. जुना मीटर सुटला, नवा डोन आर्सेसियोंच्या भिंतीवर चढला, तार आली, आणि खाली पंप पुन्हा खोकला. पाणी चढू लागलं. कोणी टाळी वाजवली नाही, कारण तोवर सगळे वेगळंच बघत होते.

पेटीचं दार लावून घेतलं होतं, पण भोक उघडं आणि किल्लीच्या तेलाने माखलेलं. फुलांवर गेलेल्या आन्हेलिता परतल्या होत्या. त्या भोकासमोर हवेतच थबकल्या, आणि येत राहिल्या, येत राहिल्या, शेवटी तिथे सोनेरी धुकं लोंबू लागलं. जागा तीच, पण दार नाही.

''नळी!'' डोन्या एडिल्मा ओरडल्या. ''नळी दे, पोरी!''

मी मूठ उघडली. घाबरल्यावर माझ्या हातांना घाम येतो. नळीचा चपटा गोळा झाला होता.

त्या क्षणी मला मागचा बाक आठवला, आणि तिथे जाऊन बसावंसं वाटलं. पण मेण उबेने मऊ पडलं होतं. मी फेर्नेयच्या फडक्याने भोक पुसलं, गोळा बोटांत मळला, सरबताच्या नळीएवढी गुंडाळी केली आणि भोकाच्या कडेला चिकटवली. जाड, वाकडी, ओबडधोबड. अशी नळी मी वाफ्यावर केली असती तर सात वेळा उसवावी लागली असती.

''आता हात काढ,'' डोन्या एडिल्मा कुजबुजल्या.

मी हात काढला. सांकोचो पातेल्यात रटरटत होता, कोणी ढवळेना. कोणाचा तरी फोन वाजला आणि डोन आर्सेसियोंनी त्याच्याकडे असं बघितलं की फोन आपणच बंद पडला. धुकं हलत होतं. मग त्यातली एक पुढे आली. माझ्या नळीच्या ओठावर उतरली. आत डोकावली, बाहेर आली, पुन्हा डोकावली. नंतर आतून दुसरी आली. दोघींनी मिशा एकमेकींना लावल्या, आणि पहिली आत गेली.

तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. मग धुक्याची एक बारीक धार झाली आणि ती त्या वाकड्या नळीत ओतली जाऊ लागली, एक थेंब न सांडता. मी मोजायला गेले आणि मोजता येईना, डोळे भरले होते.

बऱ्याच वेळाने आईला पातेल्याची आठवण झाली. ''चला, पानं वाढते! यासुरी, हात धू आधी.''

''नाही धुणार,'' मी म्हणाले.

''मातीत लडबडलेल्या हातांनी जेवणार?''

मी बोटं तिच्या नाकाशी नेली. मेणाचा, लिंबाच्या पानाचा, उन्हात तापलेल्या लाकडाचा, असा कसला तरी वास होता, आणि त्याच्याखाली मधाचा, अगदी पुसट. आईने माझं मनगट पकडलं आणि डोळे मिटले. पळी तिच्या दुसऱ्या हातात तशीच टपकत राहिली.

''काय गं?'' सपातावाली बाई आली. मग तिने वास घेतला. मग मार्योरीने. फेर्नेयने हात मागे बांधून तो घेतला, चर्चमध्ये प्रसाद घेतात तसा. वाडगी घेऊन उभी असलेली रांग पातेल्याकडून वळली आणि माझ्या हाताकडे लागली, आणि त्या रांगेत कोणी ढकलाढकली केली नाही. सगळ्यांत शेवटी टोपी छातीशी धरून डोन आर्सेसियो उभे होते.

''मला वास घ्यायचा नाहीये,'' ते म्हणाले. ''पोरीला कुठे भाजलंबिजलं तर नाही ना, ते बघतोय.'' आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरून बराच वेळ तपासला, नाकाने.